दादाच्या होडीचे पंख

३ मे, रवि.
दादाचा फोन. दोन वर्षांनी. आजपासून इथं नुसतं दा. लिहीन, पूर्ण शब्दाची त्याची लायकी नाही. मी नवरा सोडून आली तेव्हा 'तुझं तू पाह्य' म्हणून फोन ठेवला होता यानं.
आता नेव्हीतून रिटायर, पुसदले बँकेत गार्ड. कुठल्याशा क्लबानं भंगारात काढलेली, एकट्यानं चालवायची शिडाची होडी आणून ठेवली आहे. तिले पाण्याखाली पंख लावायचे म्हणे. जोरात वारा आला की पंख होडीले वर उचलतात, होडी पाण्याले न टेकता पळते. व्हिडिओ पाठवला. खरंच उचलते. पण विकतचा सेट आपल्या बापजन्मी घेणं होत नाही.
"तू फायबरचंच काम करतं ना लोहाऱ्याच्या कूलर कारखान्यात? मंग करून दे."
करून दे. कशी आहेस, ते नाही.
मी म्हटलं, पंख करते, तू मले होडी शिकव. हसला. "हो हो."

९ मे, शनि.
दोन पंख. एक होडीच्या मधल्या फळीखाली, एक सुकाणूखाली. आत सागाची पट्टी, वरून फायबर. पुढून जाड, मागं पात्यासारखं पातळ. शिफ्ट सुटल्यावर दोन तास घासते. हाताले खाज, नाकात भुकटी.
मालक म्हणे, "बाई, कूलरचा सीझन डोक्यावर अन् तुम्ही हे काय मासोळीचे पंख करून राह्यल्या?"
 फायबर चिकटवायचं रेझिन उरलेलंच वापरते, त्यानं तोंड उघडू नये.

१७ मे, रवि.
पंख जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीनं पुसदले. कंडक्टर म्हणे टपावर टाका. मी मांडीवर घेऊन बसली, शेवटपर्यंत भांडली.
धरणावर दा. चढला. दहा फेऱ्या. शीड फुगलं, होडी घसरली, उठली नाही. काठावर येऊन सगळ्यांसमोर, म्हणजे मी अन् जाळं विणत बसलेले मारोतीकाका, "आकारच चुकला. कूलर बनवणारीले काय समजते."
आकार त्यानंच पाठवलेल्या कागदावरून मिलिमीटर मोजून केला.
शिकवायचं? "आज वेळ नाही."

३१ मे, रवि.
मागच्या पंखाचा कोन बदलला. पुढच्याले हलती पट्टी लावली, ती होडीच्या नाकावरच्या लांब काडीले जोडली. काडी पाण्यावर घासत जाते, उंची वाढली की पट्टी सरळ होते अन् होडी जास्त वर जात नाही. हे मी केलं. दा. मारोतीकाकांले सांगून राह्यला, "आम्ही केलं."
आज शिकवलं एकदाचं. म्हणजे काठावरून ओरडला. "दोर सोड! सोड म्हटलं ना! डोकं खाली!" शिडाचा आडवा पाइप कानावर बसला. सात वेळा पाण्यात. आठव्यांदा एकटीनं वळवून आणली. तो मोबाइल पाहत होता.

७ जून, रवि.
पश्चिमेचा वारा, पाण्यावर पांढरे फेस. दा. सकाळपासून. होडीचं नाक वर येते, धपकन बसते. परत. परत. त्याचं वजन ८६. माझं ४९. हे कधीचं माहीत होतं मले. बोलली नाही, कारण ऐकून घेतलं नसतं.
बोलले मारोतीकाका. "साहेब, बाईले बसू द्या एकदा. हलकी हाय ते."
दा.नं दोर माझ्या अंगावर फेकला. "जा. बुडव."
गेली. दोर ओढला, अंग बाहेर टाकलं. अन् एकदम आवाज बंद. पाण्याचा थडथडाट गेला, खालून फक्त गुणगुण. खाली पाहिलं तर होडी अन् पाणी यांच्यात हातभर उजेड. किती वेळ, सांगता येत नाही. ओरडली असेन, घसा बसला आहे.
मग पडली. पंखाच्या धारेनं पोटरी चिरली, पाच टाके.
मारोतीकाकांनी टाळ्या वाजवल्या. दा. म्हणे, "तेव्हा वारा वाढला होता."

८ जून, सोम.
सुट्टी. पाय सुजला.
दा.चा फोन. पायाचं विचारेल वाटलं. "माझ्या वजनाचे मोठे पंख कर. हे काढून टाक."
"मोठे करते. हे माहे, होडीले अदलून बदलून लावू."
"होडी माही आहे."
"मंग पंख माहे."
त्यानं फोन ठेवला.

१० जून, बुध.
लंगडत पुसदले गेली, तो ड्यूटीवर असताना. वहिनीनं अंगणात होडी दाखवली, चहाही केला. मी पाना काढला, दोन्ही पंख उतरवले. वहिनी म्हणे, "घरात आग लावून चालल्या तुम्ही." म्हटलं, हो.
एसटीत रडायले आलं. रागानंच.

१४ जून, रवि.
ओव्हरटाइम. उतरवून आणलेले पंख टेबलावर. शेजारी नवी सागाची फळी, कापली नाही. मोठी कापू की आहे तेवढीच, ठरत नाही.
मालक आत आला. "बाई, तुमचे भाऊ आले. मोटरसायकलवर."
पुसदहून, एवढ्या उन्हात. दारात उभा. घामानं शर्ट चिकटलेला. मी ये म्हटलं नाही, तोच आत आला.
"पुढच्या रविवारी मोबाइलवर वारा चांगला दाखवते."
"कोणासाठी?"
त्यानं माझ्या पोटरीकडं पाहिलं, पट्टीकडं. मग पालथ्या कूलरवर बसला, सँडपेपर उचलला अन् पंखाची ओरखडलेली कड घासायले लागला. उलट्या दिशेनं घासत होता.
सांगितलं नाही. पण पंखही हातातून घेतला नाही त्याच्या.