जात्यावरचा दिवा

६ नोव्हेंबर
माझ्या हाताला काय म्हणू! दिपिकाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी, जात्यावर दिवा लावायचा म्हणून, तारेची गुंडाळी आणलेली. तांब्याची, पण मळकट, तपकिरी. म्हटलं नातीची वस्तू चार लोकांत जायची, लखलखीत हवी. सगळी सोडवली आणि चिंच नि विटेच्या भुकटीने घासली. देवाच्या तांब्यासारखी चमकली! पोरगी आली नि किंचाळली, “आजी, ते वार्निश होतं गं!” त्या वार्निशामुळेच म्हणे एक वेढा दुसऱ्याला लागत नाही. ते गेलं की वीज मधूनच पळते, दिव्यापर्यंत येतच नाही.
ओरडली नाही. चमकती तार गोळा करत बसली. ते जास्त लागलं. दिवाळी झाली, आता वीटभट्टीवर मजूर न्यायची गाडी येईल. माझा पोरगा तुषार म्हणतो घर बंद करायचं, सगळ्यांनी जायचं. मी पोरगा-सुनेच्या भाकऱ्या भाजायला, मग पोरीला मागे कुणाजवळ ठेवायचं? नववी अर्ध्यात सुटणार. निदान प्रदर्शन तरी तिचं व्हावं.

७ नोव्हेंबर
जीपने मोखाड्याला गेले, भास्करशेठच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात. तार त्यानेच दिलेली. पोट धरून हसला. “गंगीबाय, तारेला आंघोळ घातली?” पण रिळात उरलेली तार दिली. वर बजावलं, “ही मळकीच राहू द्या!”
येताना जीपमध्ये एका बाईची कोंबडी माझ्या मांडीवर. असो.

८ नोव्हेंबर
आठशे वेढे घालायचेत. मी दुसरी शिकलेली, मोठा आकडा निसटतो. म्हणून वीस वेढे झाले की भिंतीवर कोळशाची एक रेघ. लहानपणी टोपल्या विणल्या, बोटं कुठे विसरतात! वेढ्याला वेढा खेटून, वर चढू द्यायचा नाही.

९ नोव्हेंबर
चाळीस रेघा!! भिंत काळी, मी खूश.

११ नोव्हेंबर
जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक दिपिकाने जात्याच्या वरच्या फिरत्या दगडाला, कडेकडेने चिकटवले. गुंडाळी शेजारी लाकडावर बसवली, तिला बारका दिवा जोडला. मी वाट बघत बसले. दिवा कुठे लागतोय? “आजी, नुसता चुंबक शेजारी ठेवून काही होत नाही. तो समोरून जात राहिला पाहिजे, तेव्हा तारेत वीज उठते.” अगं, मग आधी सांग की! घातली मूठभर नागली, धरला खुंटा. हळू फिरवलं — लुकलुक. जोरात — लालभडक! थांबले की गेला.
शेजारची नवशी दारातून म्हणते, “बाय, पीठ दळतेस का दिवा?”
“दोन्ही!”

१४ नोव्हेंबर
पहिला नंबर! पहिला!! जातं टेम्पोतून नेलं, चौघांनी उचललं. बाकीच्यांचे दिवे सेलवर, आमचा दंडावर. एका सरांनी स्वतः दळून बघितलं, घामाघूम.
भास्करशेठ आलेला, त्याची मुलगी तिथेच शिकते. त्याने दिव्याकडे बघितलंच नाही, गुंडाळीवर वाकला. “ही कुणी गुंडाळली?” मी घाबरले, म्हटलं परत काही बिघडवलं. म्हणाला, “माझ्या दुकानात अशी कुणी बसवत नाही. मोटरीतही हेच आहे, उलटं. इथे तुम्ही फिरवता नि वीज निघते, तिथे वीज दिली की ते फिरतं. सोमवारपासून येता का? रोजावर ठेवतो.”
मी? मी!

१५ नोव्हेंबर
तुषारला सांगितलं, मी इथे काम करते, पोर माझ्याजवळ राहील.
“आये, या वयात?”
“भट्टीवर या वयात चालतं?”
सून माघी तोंडाला पदर लावून हसली. तुषार न जेवता बाहेर गेला.

१८ नोव्हेंबर
मी नवी तार भरलेली पहिली मोटर — साखरशेत गावातल्या कुणाच्या विहिरीची. शेठने बटण दाबलं. घूंऽऽऽ! सगळ्यांसमोर टाळी वाजवली मी, लाज नाही वाटली. दुकानात तुषार उभा होता. कधी आला कळलं नाही. फिरत्या मोटरीकडे बघत होता.

२० नोव्हेंबर
भट्टीची गाडी आली. तुषार नि माघी चढले. तुषारने घराची किल्ली माझ्या हातात दिली. दिपिका शाळेत गेली, मी कामाला.