पाठराखीण येईपर्यंत

दादा, जाफराबादेहून वऱ्हाडात जाणाऱ्या रस्त्यावरचा तुमचा करोडगिरीचा नाका आता उरलेला नाही. निजामी मुलखाची हद्दच पुसली गेली. जकात कोण घेणार आणि कशावर? त्या जागी एस.टी.चा थांबा आहे. परवा तेथे बसलो असता जे घडले, ते तुम्हाला सांगायचे आहे. पण मागचे आधी सांगितल्यावाचून पुढचे सांगू नये, ही शिस्त बाप म्हणून तुम्हीच लावलेली.

मला नाक्यामागची आपली खोली दिसते. मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा देऊन आलो आहे, आई भाकरी थापते आहे, आणि बाहेर तुम्ही वऱ्हाडाकडे निघालेली एक बैलगाडी थांबवली आहे. गाडीत कापडाची गाठोडी, तुपाचे डबे आणि मागे हिरव्या लुगड्यातली एक मुलगी. जाकीट घातलेला एक गृहस्थ परवाना पुढे करतो. परवान्यात खोट नाही.

"पोरगी कोन?" तुम्ही विचारता.

"भाच्याची नवरी. परवाच लगीन झालं. सासरी नेऊन राह्यलो."

"आन् पाठराखीण?"

नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते, तेव्हा माहेरची एखादी बाई सोबत जातेच. मावशी, आत्या, नाही तर शेजारीण. कितीही गरीब घर असले तरी मुलीला एकटी पाठवत नाहीत. गृहस्थ अडखळला. "मागच्या गाडीत हाय."

"मंग येऊ द्या तिला. तवर गाठोडी सोडा. माल तपासतो."

आणि तुम्ही खरोखरच माल तपासू लागलात. प्रत्येक लुगड्याची घडी उलगडायची, उन्हात धरायची, पुन्हा घालायची. तुपाच्या डब्यांत काठी बुडवून पाहायची.

"परवाना बराबर हाय ना, साहेब?"

"बिलकुल बराबर."

"मंग जल्दी करा की!"

"जल्दीनं घड्या मोडतात."

मी तुमच्या कानाशी येऊन शुद्ध भाषेत म्हणालो, "दादा, नियमात माल तपासण्याचा अधिकार आहे. मनुष्याला अडवण्याचा नाही."

"ठाव हाय पंडित. म्हणून तर मालच बघून राह्यलो." मग आवाज चढला. "अन् तू हितं उभा राहून माझा मास्तर होऊ नको. पोरीला आत ने. आईला म्हणावं, जेवू घाल."

आईने आधी वाढले, विचारले नंतर. मुलगी म्हणाली, "लगीन तिकडं गेल्यावर व्हनार हाय."

"तिकडं म्हंजे कुठं गं?"

"ठाव न्हाई. आगगाडीनं जायचं म्हणे. मामानं धाडलं. आजीला सांगितलं बी न्हाई."

आई पिठाच्या हातांनीच दारात आली. "अहो, हिचं तर लगीनच झालं न्हाई!"

गृहस्थ म्हणाला, "मागची गाडी पाहून येतो." तो रस्ता सोडून ज्वारीच्या शेतात शिरला आणि पुन्हा दिसला नाही. तुपाचे डबेसुद्धा टाकून गेला. दुसऱ्या दिवशी आईच त्या मुलीला घेऊन तिच्या आजीच्या गावाकडे निघाली. "ही बघा, मिळाली पाठराखीण," तुम्ही म्हणालात. आई गाडीत चढता चढता म्हणाली, "मिळाली, पण उलट्या वाटेची!" ती मुलगी प्रथमच हसली.

पुढे मी जालन्यात वकिली केली. माणसांचा व्यापार राज्यघटनेनेच निषिद्ध ठरवला आहे, दादा. त्यासाठी कायदे झाले. त्यांतून निसटायच्या वाटा मात्र राहिल्या. लग्नाच्या आणि नोकरीच्या आमिषाने मुली नेणाऱ्या दलालावर आधीच हात टाकता यावा, अशी सुधारणा मी निवेदनांतून वर्षानुवर्षे मागत आलो. गावोगाव सभाही घेतल्या. कलमे सांगू लागलो की लोक जांभया देत. तुमच्या नाक्याची हकिकत सांगितली की मागच्या बाया पुढे सरकत. एकदा एक म्हातारी उठून म्हणाली, "वकीलसाहेब, ते कलमाचं ऱ्हाऊ द्या. पोरीसंगं कोन हाय, हे आम्ही इचारू." त्या दिवशी मी भाषण तेथेच संपवले.

तर परवा. थांब्यावर एक माणूस एका मुलीला घाईने गाडीकडे नेत होता. मी वाटेत उभा राहून विचारले, "बाळ, तुझ्यासोबत घरचे कोण आहे?"

माणूस भडकला. "मी बाप हाय तिचा! म्हातारपणी फौजदारकी मिळाली का, आजोबा?"

मुलगी म्हणाली, "व्हय आजोबा, बाबाच हायेत." मी क्षमा मागितली. लोक हसले. गाडी निघून गेली, आणि मी पुन्हा बाकावर बसलो.

सुनेला वाटते, मी टपाल टाकायला बाहेर पडतो. कबूल करतो, दादा: त्या दिवशी मला कोणत्याही गाडीने कोठेही जायचे नव्हते. आदल्या दिवशीही नव्हते. हा कागद मी घडी करून सोबत नेतो आहे. थांब्यावर रिकामा बसलेला म्हातारा लोकांच्या डोळ्यांवर येतो. हातात पत्र असले की कोणी काही विचारत नाही. अकराची गाडी यायची वेळ झाली. निघतो.