पडदा हलत होता

१९ मे, दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असालच. इकडे उन्हाने जीव नकोसा केलाय, बाकी बरं चाललंय. फोनवर बोलताना आई शेजारीच असते, म्हणून हे लिहून तुझ्या ट्रकवाल्या मित्राच्या हाती देतेय.

माझी ॲनिमेशन फिल्म अर्धी झाली. तुझ्या भाषेत, किडे हलवून पोट भरतंय. तिच्यात ऊन इतकं वाढतं की मधमाश्या मध गोळा करायचं सोडून पोळ्याच्या दाराशी नुसत्या पंखांनी वारा घालत राहतात. घालता घालता एकेक थांबते आणि शेजारणीला पत्ताही लागत नाही.

पंखांची लय मला काही जमेना. म्हणून आईला कॅमेऱ्यासमोर बसवलं. वर पत्र्याखालच्या खोलीत ती हातपंख्याने वारा घेते आणि तिच्या मनगटावरून मी एकेक चित्र काढते. बाईसाहेब रोज केस विंचरून तयार असतात.

गेल्या आठवड्यात चित्रण तपासताना मध्येच थोडा वेळ हात तसाच हवेत दिसला. कॅमेरा अडकला म्हणून मी त्याला शिव्या घातल्या आणि तेवढा तुकडा कापला. हालचाल छान सलग झाली. पुन्हा तेच दिसलं, पुन्हा कापलं. परवा कापता कापता नजर मागच्या खिडकीकडे गेली. आईचा हात थांबला होता, पण पडदा हलत होता.

कॅमेरा अडकला नव्हता, दादा.

तिला विचारलं तर म्हणते, "मी कुठे थांबले? तुझं यंत्र थांबलं असेल." तिला खरंच माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाने असेल, नसेलही. तपासण्या करू, पण आधी तिला त्या खोलीतून हलवा. खाली माझ्या चित्रणाच्या दिव्यांची भट्टी. तुझ्याकडे गारवा आहे, पण सुनेला त्रास कशाला म्हणून अडून बसलीय. माझं ऐकत नाही. तू न्यायला आलास तर मुकाट्याने निघेल.

मला फार भीती वाटते. काम बंद आहे. एक डोळा पडद्यावर, एक तिच्या हातावर, अशी बसून असते.

आत्ता तिने विचारलं, कुणाला लिहितेस? तुला, म्हटलं. "त्याला लिही, काळजी" एवढं म्हणाली आणि गप्प झाली. मी पडद्याकडे पाहिलं. तो हलत होता. मग वळून म्हणाली, "कुणाला लिहितेस गं?"

पत्र वाचून घडी घालत बसू नकोस. नीघ.

तुझी,
धाकटी