दसऱ्याचं बंद दार

प्रिय मिल्का,

दसरा चार दिवसांवर आलाय. काल साखऱ्याहून आमच्या शेतातल्या आपट्याच्या फांद्या आल्या. सासूबाई म्हणाल्या, "मुक्ते, पानं नीट निवडून ठेव." मी निवडायला बसले आणि दोन पानं हातात धरून तशीच बसून राहिले. म्हणून आज लिहायला घेतलं. तू शिकवलेल्या अक्षरांनी लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. आज बुधवार आहे, आधी खात्री करून घेतली. शनिवारी लिहिलेलं तुला चाललं नसतं.

तुझे ते शनिवार आठवतात गं. हिंगोलीच्या जिनात तुझे मालक दानियलभाऊ इंजिनाचे मिस्त्री, माझे मालक कापूस तोलायचे, आणि चाळीत आपली भिंतीला भिंत; गावात यहुद्यांचं घर तुमचं एकटंच. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तुझा स्वयंपाक उरकलेला, दिवा लावलेला. शनिवारी चूल नाही, पाटीवर पेन्सिल नाही. मी वाचायचे आणि तू नुसती ऐकायचीस. दिव्याला तू फुंकरही घालायची नाहीस, तो आपोआप विझायचा. "तेल वाया जाऊन राहिलं की," मी म्हणाले होते. तू म्हणालीस, "देवानं सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी तोसुद्धा थांबला. मग आपण कोण लागून गेलो?"

तू तुमच्या एलिया नबीच्या नावानं मलिदा केलास, पोह्यांत गूळ-खोबरं कालवून, तेव्हा सासूबाईंनी तुझ्या भिंतींवरून नजर फिरवली. "देव कुठाय तुमचा? एक बी फोटो न्हाई."

"आमच्या देवाला रूप नाही, मावशी. तो एकच, आणि दिसत नाही."

"दिसत न्हाई, तर निवद कुणाला दावता?"

तू पोट धरून हसलीस. घरी आल्यावर सासूबाईंनी तो मलिदा शेळीपुढे टाकला. मी ते पाहत उभी राहिले. तुझ्यासाठी कान तुटलेली कपबशी वेगळी होती, कोनाड्यात. चहा प्यालीस की तूच ती विसळून पालथी घालायचीस. तेही मी पाहत होते. एवढी वर्षं तुझा विटाळ मानणाऱ्या घरातली मी, आणि तू एक दिवस मला शिवली नाहीस तर केवढा तो राग!

तो दिवस मागच्या दसऱ्याचा. मालक सीमोल्लंघनाहून सोनं घेऊन आले, तसं पहिलं पान तुला द्यायला मी निघाले. ऊन अजून भिंतीवर होतं. तुझं दार आतून बंद. कडी वाजवली, हाक मारली. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर तू पांढरी साडी नेसून पुस्तक घेऊन बसलेली. तू मला पाहिलंस. मान हलवून नको म्हणालीस आणि पाठ केलीस.

मागे चाळीतल्या दोघी उभ्या होत्या. एक म्हणाली, "व्हय गं मुक्ता, तुझं सोनं खोटं निघालं वाटतं." दुसरी फिदीफिदी हसली. मी पानं तुझ्या पायरीवर टाकली आणि घरात येऊन कडी घातली.

दिवेलागणीनंतर तू आलीस. "मुक्ता, दार उघड गं. सोनं दे ना मला." मी आत भाकरी थापत होते. थापतच राहिले.

दुसऱ्या दिवशी पुऱ्यांचं ताट घेऊन आलीस. "माझं काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर." ताट ओट्यावर ठेवून गेलीस. ते मीच शेळीपुढे ठेवलं, मिल्का. सासूबाईंनी नाही.

तिसऱ्यांदा आलीस तेव्हा अंगात ताप होता, शाल गुंडाळून पायरीवर बसलीस. "बोल की एक शब्द," म्हणालीस. मी खिडकीतून पाहत होते. तू भिंतीला धरून उठलीस. तेव्हाही मला वाटलं, सोसू दे हिला थोडं, कळू दे. त्याच तापात आठव्या दिवशी तू गेलीस.

दानियलभाऊ माझ्याच दाराशी आले. "वहिनी, आमच्यात बाईला बायकाच आंघोळ घालतात. इथं आमचं कोणी नाही. तुम्ही याल?" मी सवयीनं कुंकवाचा करंडा घेऊन आले. सवाष्ण गेलेली ना तू! ते दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून बसले होते, तिथूनच म्हणाले, "कुंकू नको. राजा असो की भिकारी, आमच्यात सगळे एकाच पांढऱ्या कापडात जातात." ते सांगत गेले तशी मी तुला पाणी घालत गेले. तुझे केस विंचरले. शेवटी ते म्हणाले, "आता तिची माफी मागायची. आपल्या हातून काही चुकलं असेल तर, असं म्हणायचं."

ओसरीवर त्याच दोघी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी माफी मागितली नाही. मी नुसतं "झालं" म्हणाले.

तुमच्या मोठ्या प्रार्थनेला तुमच्यातलीच दहा माणसं लागतात म्हणे. दानियलभाऊंनी ओढ्यापलीकडे तुझ्या कबरीपाशी एकट्याला म्हणता येईल तेवढंच म्हटलं.

ते आपल्या गावी, रेवदंड्याला परत निघाले, तेव्हा तुझी पाटी मला देऊन गेले. त्या दिवशी सगळं सांगितलं. मागच्या दसऱ्याचा तो दिवस म्हणजे तुमचा दारफाळणीचा सण. देव त्या दिवशी वर्षाचा निवाडा करतो, म्हणून पाण्याचा थेंब न घेता, दार लावून, बाहेरच्या कुणाला न शिवता देवापुढं बसायचं. दर साली त्या सणाला तू रेवदंड्याला जायचीस. त्या खेपेला लढाईवर जाणाऱ्या शिपायांच्या गर्दीत गाडीत जागा मिळाली नाही. "तारे निघाले की उपास सुटतो. पाणीसुद्धा प्यायली नाही, आधी तुमच्याकडे आली." मग म्हणाले, "माफी तीनदा मागावी, असं सांगतात. तीनदा मागून मिळाली नाही, तर मागणारा मोकळा." न देणाऱ्याचं काय, ते मी विचारलं नाही.

काहून आधी सांगितलं नाहीस गं? अक्षरं शिकवलीस, शनिवार शिकवलास, हा एकच दिवस तेवढा ठेवलास? पण मी तरी कुठं विचारलं? तीनदा तू दाराशी आलीस, "दार का लावलं होतंस?" एवढं विचारायला दार उघडावंही लागलं नसतं.

तुझी ती कपबशी आता मी वापरते. सासूबाई बघतात.

तुमच्या रीतीनं मीही माफी तीनदा मागितली पाहिजे. परवा कबरीपाशी आले होते, ती पहिली वेळ. हे पत्र दुसरी. दसऱ्याला सोनं घेऊन येईन, पण ऊन असताना नाही. तारे निघेपर्यंत ओढ्याकाठी थांबेन आणि मग तुझ्यापाशी येईन. तुझ्याकडून काही उत्तर येणार नाही, ठाऊक आहे. पण या वेळी मी पानं टाकून परत फिरणार नाही. तिथंच बसेन.

तुझी शेजारीण,
मुक्ता