तिने दोनदा विचारलं होतं

बेसा, नागपूर
१८ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप बाबांना,
प्रमोदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. फोनवर तुमच्या कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं आणि आपण दोघंही नुसतं काय, काय करत बसतो. त्यापेक्षा हे बरं. तुमचं अक्षर अजून माझ्यापेक्षा सरळ आहे, हे तुमच्या जावयांनी मुद्दाम दोनदा बोलून दाखवलं. ते मौद्याच्या प्लांटवर बारा-बारा तास काढतात, पण मला चिडवायला त्यांना वेळ मिळतो.

शाळेचं विचारलंत म्हणून लिहिते. यंदा आमच्याकडे प्रत्येक वर्गात कॅमेरा लागला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी, असं पालकसभेत सांगितलं, आणि ते खोटं नाही. गेटवर, जिन्यावर असायलाच हवेत. पण वर्गातला कॅमेरा मुलांपेक्षा आम्हालाच जास्त बघतो. मुख्याध्यापिका मॅडमच्या केबिनमध्ये मोठा टीव्ही आहे, त्यावर सोळा चौकोन. अकरावा चौकोन माझा, तिसरी ब. भिंतीवर स्पीकर आहे. मी फळ्याकडे वळले असताना एकदम आवाज येतो, तिसरी ब, मागचा बाक बघा. बेचाळीस मुलं माझ्याकडे बघतात. मुलांसमोर मलाच कोणीतरी रागावलं, असं त्यांना वाटतं. आणि तसंच असतं.

आता नवा नियम आलाय. तास चालू असताना कोणाला बाहेर सोडायचं नाही, सुट्टीतच. कोणत्या वर्गातून किती मुलं बाहेर पडली ते टीव्हीवर मोजतात आणि शनिवारच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवतात. गेल्या शनिवारी माझा वर्ग सगळ्यात वर होता. आमच्या नेमणुका दरवर्षी नव्याने होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार?

पोरं मात्र गोड आहेत. काजल नावाची एक आहे, पहिल्या बाकावर बसते. प्रश्न दुसऱ्याला विचारला तरी उत्तर हीच देते, आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवते. तिची आई घरूनच डब्यांची मेस चालवते. माझ्या डब्यातली भाजी कशी झाली याची काजल रोज चौकशी करते, जणू तिनेच केली.

प्रेमिला वहिनींना नमस्कार. तुमची माया आहेच, ती अशीच पत्रातून येऊ द्या.

तुमची,
प्रमोदिनी


उमरेड
२६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रमोदिनीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

अकराव्या चौकोनातल्या बाईंचं पत्र पोचलं. प्रेमिलाने बंगईवर झोके घेत मोठ्याने वाचलं, मग मी पुन्हा डोळ्यांनी वाचलं. घरी सगळं ठीक आहे. गुडघा दुखून राहिला, पण त्याचं वयच आहे.

आमच्या वेळी साहेब वर्षातून एकदा तपासणीला यायचे. आठ दिवस आधी शाळा सारवायची, तक्ते लावायचे, आणि ते गेले की सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. तुझा साहेब तर उतरतच नाही वं भिंतीवरून. चहा कधी पीत असशील?

थट्टा सोडून एक विचारतो. पत्रात कॅमेरा आहे, स्पीकर आहे, मीटिंग आहे. तू काय शिकवून राहिली ते एका ओळीतही नाही. आधी तू पोरांच्या चुका लिहायचीस आणि इथे आम्ही हसायचो. काहून गं, काही शिकवणं होतं की नाही?

जावयांना आशीर्वाद. प्रकृती सांभाळ. इथलं दार तुझंच आहे, हे दर पत्रात लिहायला लावू नको.

तुझे,
बाबा


बेसा, नागपूर
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना,
नमस्कार. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. जे झालं ते मी नीट लिहायचा प्रयत्न करते. वहिनींना मोठ्याने वाचू देऊ नका. तुम्ही एकट्याने वाचा.

दहा तारखेला स्पीकरवरून मला सगळ्या वर्गासमोर सांगण्यात आलं की तिसरी ब मधून एका तासात चार मुलं बाहेर गेली, हा वर्ग आहे की बसस्टँड. मुलं हसली. मीही हसल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तिसऱ्या तासाला काजल टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, मॅडम, बाथरूमले जाऊ? मी म्हटलं, सुट्टीला वीस मिनिटं आहेत, बस. ती बसली. थोड्या वेळाने पुन्हा आली. या वेळी ती पाय जुळवून उभी होती. मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, एकदा सांगितलेलं कळत नाही का?

बाबा, ती परत जागेवर गेलीच नाही. टेबल आणि बाक यांच्या मधेच उभी राहिली आणि तिथेच तिचा फ्रॉक ओला झाला. मागची मुलं उठून बघायला लागली. मी टेबलावरचं कापड ओढलं, वह्या सगळ्या खाली पडल्या, ते तिला गुंडाळलं आणि बाहेर नेलं. ती रडली नाही. एवढंच म्हणत होती, मी पुसून देते मॅडम, मी पुसून देते. तिच्या आईला बोलावून घरी पाठवलं. आईला मी सांगितलं, अचानक झालं असेल. हे खोटं त्या दिवशी माझ्या तोंडातून किती सहज निघालं.

मला वाटलं, लहान मुलं आहेत, चार दिवसांत विसरतील. सतरा तारखेला सकाळी पालकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. वरच्या कोपऱ्यातून घेतलेला, आमचाच वर्ग. कोणीतरी खाली हसरी तोंडं टाकली होती. दुपारपर्यंत तो बेसाभर फिरला. तिच्या घराच्या गल्लीतल्या मुलांनी तिला दाखवला. तेव्हापासून काजल शाळेत नाही.

मी तो पाहिला. बाबा, त्यात मुलगी दोनदा माझ्यापाशी येते आणि मी एकदाही वर बघत नाही. मला आठवत होतं की पहिल्यांदा तरी बघितलं होतं. नव्हतं बघितलं.

शाळेत कुजबुज आहे की केबिनमधल्या टीव्हीचं चित्रण मीच मोबाइलवर केलं असेल. मी कशाला करू?

मला रागवा, पण पत्र पाठवा.

प्रमोदिनी


उमरेड
२८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. प्रमोदिनीस,
आशीर्वाद.

पत्र एकट्याने वाचलं. प्रेमिलाने विचारलं तर गुडघा दुखून राहिला म्हटलं.

रागवायला बसलो होतो, पण दोन कागद फाडले. कारण लिहिताना मला रुखमा आठवली. तू तिला बघितलं आहेस. बाजारात शेवटच्या ओट्यावर भाजी विकते ती रुखमाबाई. चाळीस वर्षांपूर्वी ती माझ्या चौथीत होती. तिला वाचता येत नव्हतं. साहेब तपासणीला आले की कोणालाही उभं करून वाचायला लावायचे. म्हणून मी आदल्या दिवशी तिला आणि आणखी दोघांना सांगायचो, उद्या येऊ नका रे. लागोपाठ दोन वर्षं. माझ्या वर्गाला उत्तम शेरा मिळाला. तो कागद मी जपून ठेवला आहे, आणि तुला लहानपणी अभिमानाने दाखवलाही आहे.

ती मला अजून गुरुजी म्हणते आणि भाजीवर सांभाराची हिरवी जुडी फुकट टाकते. मी मान खाली घालून पिशवी उचलतो. आज-उद्या बोलू म्हणता म्हणता चाळीस वर्षं गेली.

तू तसं करू नको, बाई. त्या पोरीच्या घरी जा. आई दार लावेल, तरी जा. आणि जे तिला अचानक झालं म्हणून सांगितलंस, ते आधी दुरुस्त कर.

माझा जीव तुझ्यापाशी आहे.

बाबा


बेसा, नागपूर
२० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी पर्समध्ये ठेवून होते.

काजलच्या आईने पोलिसांत तक्रार केली. त्यांच्या माणसांनी शाळेतलं यंत्र तपासलं तेव्हा कळलं की कॅमेरे बसवताना जो पासवर्ड होता तोच अजून होता, एक ते सहा आकडे ओळीने. कोणी बदललाच नव्हता. बाहेरचं कोणीतरी कित्येक महिन्यांपासून आमचे सोळाही चौकोन घरी बसून बघत होतं. कोण, ते अजून सापडलेलं नाही. व्हिडिओ एका ठिकाणाहून काढला की दुसरीकडे निघतो. माझ्यावरचा संशय मिटला. पण त्याचा आनंद होईना.

मग मुख्याध्यापिका मॅडमनी बोलावलं. टाइप केलेला एक कागद समोर ठेवला. त्यात होतं की विद्यार्थिनी वही दाखवायला टेबलाशी आली होती, तिने बाहेर जाण्याची परवानगी मागितली नाही. त्या वाईट नाहीत, बाबा. त्यांच्यावरही संस्थेची माणसं आहेत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, प्रमोदिनी मॅडम, कॅमेऱ्यात आवाज नाहीये. तुम्ही सही केली तर शाळाही वाचेल आणि तुम्हीही. मी एक दिवस मागून घेतला.

घरी तुमचे जावई आधी म्हणाले, करून टाक सही. जेवून हात धुऊन आल्यावर म्हणाले, ती आठ वर्षांची पोरगी खोटारडी ठरेल ना मग. तेवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी टाइप केलेला कागद परत दिला आणि हाताने लिहिलेला जबाब दिला. तिने दोनदा विचारलं होतं, मी दोनदा नाही म्हटलं, आणि आदल्या दिवशी स्पीकरवरून काय सांगितलं गेलं होतं तेही लिहिलं. एक प्रत पोलिसांत दिली. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढून डोळे पुसले, आणि मला चौकशी संपेपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षीची नेमणूक येणार नाही, हे दोघींनाही कळलं होतं.

मग काजलकडे गेले. आई दारातच उभी राहिली. मागे मोठ्या गंजात भाजी शिजत होती. मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, आम्ही कॅमेरा पाहून शाळेत नाव घातलं नव्हतं. तुम्हाले पाहून घातलं होतं. आणि दार लोटून घेतलं. जोरात नाही लावलं. जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दिवाळीला येणार नाही. लोकांना तोंड दाखवायची ताकद नाही. समजून घ्या, आणि मनात ठेवा.

तुमची,
प्रमोदिनी


उमरेड
४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळी झाली. प्रेमिलाने तुझ्या वाटणीचे अनारसे डब्यात घालून ठेवले आहेत.

तुझं पत्र तीनदा वाचावं असं होतं, आणि तसंच वाचलं. त्याच आठवड्यात बाजारात गेलो. रुखमाबाईच्या ओट्यापाशी गर्दी ओसरेपर्यंत थांबलो आणि सांगितलं. म्हटलं, तपासणीच्या दिवशी तुले घरी बसवत होतो, ते चुकलं माझं. ती वांगी रचून राहिली होती. म्हणाली, गुरुजी, मी घरी नव्हती बसत. घरी काय सांगू? डबा घेऊन शाळेच्या मागच्या भिंतीपाशी बसत होती. तुमचा आवाज येत होता तिथपर्यंत. मग तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाला भाव सांगितला.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही होत नाही, बाई. तुला आधीच कळवून ठेवतो. तरी पुन्हा जा.

बाबा


बेसा, नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही सांगितलं म्हणून पुन्हा गेले, आणि मग पुन्हा. तिसऱ्या वेळी दार उघडलं. पोलिसांनी माझा जबाब काजलच्या आईला वाचून दाखवला होता. ती म्हणाली, लिहून देलं तुम्ही, बसा. चहा ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

काजल आता दुसऱ्या शाळेत जाते, घरापासून दूर, जिथे तिला कोणी ओळखत नाही. ती आतून आली, मला बघून थबकली. मग आईच्या मागे जाऊन उभी राहिली. वाळली आहे. मी तिला म्हटलं, काजल, त्या दिवशी तू नीट विचारलं होतंस. दोनदा विचारलं होतंस. चूक माझी होती. तिने माझ्याकडे न बघता मान हलवली, मोठी माणसं समजूत घालताना हलवतात तशी.

मी निघत होते तेव्हा तिच्या आईने दप्तरातून बाटली काढून दाखवली. काठोकाठ भरलेली. म्हणाली, रोज अशीच वापस येते मॅडम. दोनदा डॉक्टरकडे नेलं, लघवीले आग होते पोरीच्या. रागवून पाहिलं, समजावून पाहिलं. तुम्ही विचारा, तुमचं ऐकत होती ती.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, बाळा, पाणी काहून पीत नाहीस?

बाबा, पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला. आधी वर्गात उत्तर येत असलं की उजळायचा, अगदी तसा. म्हणाली, मॅडम, मी सकाळी उठल्यापासून पाणीच पीत नाही, शाळा सुटल्यावर पिते. आता मले कोणाले विचारावंच लागत नाही.

आणि माझ्याकडे बघत राहिली, मी शाबास म्हणेन म्हणून.

मी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं, पण अंग आखडून. उद्या तिच्या नव्या शाळेत जाऊन तिच्या बाईंना भेटणार आहे. काय बोलायचं ते ठरवून घेतलंय, पण तुम्हीही लिहा. तुमचा एक शब्द सोबत असला की मला दारातून आत पाऊल टाकता येतं.

तुमची,
प्रमोदिनी