दोन पिनांची वायर

अक्का,

हार्ड डिस्क घेऊन जळगावला दुरुस्तीवाल्याकडे चाललोय. तू बजावलं होतंस, लॅपटॉप जुना आहे, एका पिनेने डिस्कला वीज पुरत नाही, वायरीच्या दोन्ही पिना लावायच्या. मी माउस लावायला त्यातली एक काढली. मग डिस्क उघडेचना, नुसती कटकट वाजायला लागली.

आईने म्हटलेली कानबाईच्या सणाची गाणी त्यातच होती. आई गेल्यावर ती दुसरीकडे उतरवून घेईन म्हणालो होतो, राहूनच गेलं.

आबा संध्याकाळी गाणी लाव म्हणतील. लॅपटॉप बिघडलाय एवढंच सांग. खिचडी कुकरमध्ये आहे.

तुला खरं सांगतो, लॅपटॉप बिघडलेला नाही. ‘डिस्क फॉरमॅट केली तर सगळं पुसलं जाईल, चालेल का?’ असं त्याने स्क्रीनवर विचारलं होतं. मीच ‘हो’ दाबलं.

हितेंद्र