उन्हात वाळवलेला पाला

ताई, आधी तुझ्या पाया पडतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. प्रयोगशाळेत बाटल्या धुतो. काल दोन फुटल्या, ते असो. काढा नीट उकळला नाहीस म्हणून आईने अजून तुझ्याशी अबोला धरलाय का गं?

बाबा गेल्यावर त्यांच्या काढ्याचा उरलेला पाला तू पाठवलास, तो आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी तपासला. त्यात औषधाचा अंश नावालाही निघाला नाही. बाई म्हणाल्या, "हा उन्हात वाळवलाय. सावलीत वाळवायला कोणाच्या जिवावर आलं होतं?"

माझ्या, ताई. मला भटकायला जायची घाई होती. तू काढा नीटच उकळलास.

हे पत्र आईला वाचून दाखव. तिला म्हणावं, बोलायचं नसेल तर माझ्याशी बोलू नकोस. मी तसाही लांबच आहे.

तुझा धाकटा